काटा वजन सांगतो, प्रकृती सांगत नाही

(मातामेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मातांनो, भगिनींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या बापमंडळींनो,

बाळ वजन करून घरी आले की सासूबाई उंबऱ्यातच विचारतात, "किती भरलं गं?" आकडा वाढला असेल तर घर खूश. वाढला नसेल तर आईच्या दुधापासून तिच्या माहेरापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. वजन पाहावे, जरूर पाहावे. मीही उभी नोकरी वजनकाट्याशेजारी बसून काढली. पण पोते दहा किलोचे भरले एवढे कळले, म्हणून त्यात ज्वारी आहे की कोंडा हे कळते का? पोत्याचे तोंड सोडून हात घालावा लागतो. मुलाच्या वजनाचे तसेच आहे. ते वजन कशाचे, मांसाचे, हाडाचे की नुसत्या चरबीचे, हे काटा सांगत नाही.

हे मला नोकरी लागली तेव्हा माहीत नव्हते. त्याची एक गोष्ट सांगते, आणि ती माझ्याच चुकीची आहे.

१९८८ साली मी आरोग्यसेविका म्हणून नवीन होते. एका गावात गुटगुटीत बालक स्पर्धा होती आणि मला परीक्षक म्हणून बसवले होते. एका माउलीने तेरा महिन्यांचे बाळ मांडीवर आणले. गोरेपान, हाताला वळ्या, गाल फुगलेले, वजन साडेबारा किलो. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. शेजारी एका शेतमजूर बाईचे त्याच वयाचे मूल होते. सावळे, सडपातळ, साडेआठ-नऊ किलोचे. ते एका जागी बसेना. रांगत येऊन माझी वही ओढी, टेबलाचा पाय धरून उभे राही. मी त्याला दोनदा उचलून आईजवळ दिले आणि मनात म्हटले, काय वात्रट कार्टे आहे! पहिले बक्षीस अर्थात गुटगुटीत बाळाला दिले. स्टीलचा डबा होता.

पुढच्या महिन्यात तीच माउली बाळाला घेऊन केंद्रात आली. मूल सारखे किरकिर करते, उभे राहत नाही, दम लागतो. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, तर आत पांढरी फटक. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसहा! चौकशी केली तेव्हा कळले, बाळाला दिवसभर म्हशीचे दूध साखर घालून बाटलीने द्यायचे. भात नाही, वरण नाही, भाजी नाही, काही नाही. "दुधावर चांगलं पोसतंय की हो," ती म्हणाली. तिची चूक नव्हती. आम्हीच तिला भर सभेत डबा देऊन सांगितले होते की असेच चालू दे. दुधात लोह फारच थोडे असते. नुसत्या दुधावर वाढलेले मूल फुगते, पण रक्त बनत नाही. मी ज्याला गोरेपान समजले तो रंग पंडुरोगाचा होता. लोहाचे औषध दिले, वरणभात-भाजी सुरू केली, आणि दोन-तीन महिन्यांत ते मूल चालू लागले.

त्या दिवसापासून मी मुलाचे वजन केले की आणखी दोन गोष्टी पाहते. पापणीच्या आतला रंग, आणि मूल हालते किती.

आता अंगात काय काय असते ते थोडक्यात सांगते. हाडे, मांस म्हणजे स्नायू, काळीज-मूत्रपिंडासारखे आतले अवयव, पाणी आणि चरबी. चरबी म्हणजे वाईट असे मुळीच समजू नका. बाळ जन्मल्यावर तिची गरजच असते. पाच-सहा महिन्यांच्या धडधाकट बाळाच्या अंगात सुमारे चौथा हिस्सा चरबी असते. तेच त्याचे बाळसे. मग मूल रांगू लागते, चालू लागते, धावते, तसे हे बाळसे आपोआप उतरते. तीन-चार वर्षांचे मूल पायाने लांब, पोटाने सपाट दिसू लागते. पुष्कळ आया तेव्हा घाबरतात. "बाई, आधी कसं भरलेलं होतं, आता रोडावलं." उंची वाढते आहे ना? खेळते आहे ना? वजन थोडे थोडे का होईना, पण चढते आहे ना? मग ते रोडावले नाही, वाढीला लागले. अशा वेळी त्याला तूप-साखर चारून पुन्हा बाळसे आणण्याच्या मागे लागू नका.

आपल्याकडच्या मुलांचा प्रश्न आणखी एक आहे, आणि तो जगाला कळला तो आपल्याच मुलखातून. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांची पाहणी सुरू केली. त्यांची बाळे जन्मली तेव्हा नुसते वजन केले नाही. दंडाचा घेर, पोटाचा घेर, कातडीच्या चिमटीची जाडी असे सगळे मोजले. बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडात साउदॅम्प्टन गावच्या बाळांचे ३.५ किलो. म्हणजे आपली बाळे जवळजवळ पाऊण किलो कमी. यात नवल नव्हते. नवल पुढे आहे. आपली बाळे मांसाने आणि पोटातल्या अवयवांनी बरीच कमी होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती! दिसायला किडकिडीत, आणि तरी अंगात चरबीचा वाटा जास्त.

हे बाळपणीच संपत नाही. याच याज्ञिक डॉक्टरांनी २००४ साली लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा डॉक्टर काढतात तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! वजन-उंची एकच, दोन्ही पोत्यांत माल मात्र वेगळा.

तुम्ही म्हणाल, असेना का, काय बिघडले? बिघडते ते असे. आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची रक्तात साखर होते. ती साखर साठवायची आणि जाळायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. ज्याच्या अंगात स्नायू भरपूर आणि कामाला लागलेले, त्याची साखर लगेच उचलली जाते. ज्याचे स्नायू थोडे आणि तेही बसून, त्याची साखर रक्तात रेंगाळते, उरलेली चरबी होऊन पोटाभोवती बसते. अशाच माणसाला पुढे मधुमेह आणि रक्तदाब धरतो. आपल्याकडे मधुमेह जाड्या माणसालाच होतो असे नाही, आणि म्हातारपणाची वाटही पाहत नाही. तिशी-पस्तिशीतली माणसे केंद्रावर गोळ्या न्यायला येतात, त्यांतली किती तरी अंगाने शिडशिडीत असतात. त्यातही जे मूल जन्मताना कमी वजनाचे होते आणि शाळेच्या वयात झपाट्याने चरबीने भरले, त्याला धोका जास्त.

आता कोणी घरी जाऊन असे म्हणू नका, की बाईंनी सांगितले, मुलाला कमी घाला! तसे केलेत तर मी बोलले ते सगळे पाण्यात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची शंभरात पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि आपले राज्यही त्याच रांगेत आहे. त्याच पाहणीत जादा वजनाची मुले शंभरात तीन-चार होती, पण आधीच्या पाहणीपेक्षा ती वाढलेली होती. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात दोन्ही दिसतात. थोरला दुकानातल्या पुड्यांवर सुटलेला आणि धाकटी अंगाला काही न लागलेली. दोघांवर उपाय दोन नाहीत, एकच आहे. मांस आणि हाड बनेल असे खाऊ घालणे, आणि खाल्लेले अंगी लागेल असे खेळू देणे.

खाण्याचे आधी बोलू.

सकाळी उठल्यावर चहा आणि चहात बुडवलेली बिस्किटे. बरोबर ना? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. बिस्किट हा मैदा, साखर आणि तेलाचा तुकडा. पुष्कळ गोड बिस्किटांत चौथा हिस्सा नुसती साखर असते. बरे, चहा पोटात गेला की अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. म्हणजे दिलेत ते कोंड्यासारखे, आणि वर दाण्याची वाट अडवलीत. शाळेतून आल्यावर पाच रुपयांची चटकदार पुडी. तिच्यात तेल, मीठ, पीठ आणि हवा. पाहुणे आले की थंड पेयाची बाटली. अशा ३०० मिलीच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर असते. तुम्ही स्वतःच्या हाताने पेलाभर पाण्यात आठ चमचे साखर घालून मुलाला द्याल का? मग जेवायच्या वेळी "भूक नाही" म्हणून मूल ताटावरून उठते आणि आई म्हणते, "काही खातच नाही हो हा!" खातो ना. तुमच्या ताटातले खात नाही, एवढेच.

दोन पुड्या म्हणजे रोजचे दहा रुपये. दहा रुपयांत एक अंडे येते. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा येतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि प्रथिनांवाचून मांस बनत नाही. अगदी लहान मुलांना दाणे अख्खे देऊ नका हं, घशात अडकतात. कूट करून द्या, लाडू करा. तांदूळ आणि डाळ वेगवेगळी खाल्ली तर दोन्हींची प्रथिने अपुरी, एकत्र खाल्ली तर एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांनी कोणते पुस्तक वाचले होते? पण वरणभात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी त्यांनीच लावून दिली. त्या वरणभातावर लिंबू पिळा. लिंबामुळे डाळीतले आणि पालेभाजीतले लोह अंगाला जास्त लागते. नाचणीत चुना भरपूर, हाडाला चांगला. मटकी-मूग भिजवून मोड आणा. चाकवत, माठ, शेवगा, मेथी, जे परसात किंवा बांधावर असेल ते. शाकाहारी घरात दूध, दही, ताक मुलांच्या ताटातून चुकवू नका. बी-१२ नावाचे जे जीवनसत्त्व रक्ताला आणि मज्जातंतूंना लागते, ते भाजीपाल्यात नसते. ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडी, मासे, मटण द्यावे. रविवारी रस्सा मुलांना आणि फोडी बापाला, अशी वाटणी मात्र नको.

तान्ह्यांचे एवढेच सांगते. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नको. सातव्या महिन्यापासून अंगावरच्या दुधासोबत घट्टसर वरणभात, कुस्करलेली भाजी, नाचणीची लापशी. पातळ पाणी नव्हे, चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट. दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. माझ्या बक्षीसवाल्या बाळाची गोष्ट विसरू नका.

आता दुसरी बाजू. नुसते खाऊन मांस बनत नाही. स्नायूला काम दिले की तो खाल्लेली प्रथिने ओढून घेतो. हाडाचेही तसेच. उड्या मारल्या, धावले, आपटले की हाड घट्ट होते. वयात येतानाची जी ऐन वाढीची दोन वर्षे असतात, त्या दोनच वर्षांत जन्माला पुरायच्या हाडांपैकी सुमारे चौथा हिस्सा बनतो. नेमकी त्याच वर्षांत आपण काय करतो? मुलाला शिकवणीला बसवतो आणि मुलीला घरात.

मुलींचे जरा थांबून बोलते. सहावीपर्यंत लंगडी घालणारी, खो-खोत पोरांना पळवणारी पोर. पाळी आली की आजी म्हणते, "आता पुरे झाल्या उड्या." तिथे तिचा खेळ संपतो. काम संपत नाही, धुणीभांडी चालूच. पण मोकळे धावणे संपते. वर ताटात भावानंतर जे उरेल ते. हीच मुलगी पुढे आई होणार, आणि तिच्या अंगावरच तिचे बाळ पोसणार. पाळीत रक्त जाते, तिला लोह मुलापेक्षा जास्त लागते. शाळेत आठवड्याची लोहाची गोळी मिळते ती फेकू देऊ नका. आणि तिला खेळू द्या. पाळीच्या दिवसांतही, तिला बरे वाटत असेल तर. खेळल्याने काही होत नाही. मी सांगते ना!

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज किमान ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडा-स्नायूंना ताण पडेल अशा उड्या, चढणे, ओढणे असावे. त्यासाठी महागडे बूट किंवा व्यायामशाळा कशाला? लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, सूरपारंब्या, दोरीवरच्या उड्या, फुगडी, झिम्मा. फुगडी घालून बघा, दोन मिनिटांत दम लागतो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या हातात मोबाईल अजिबात नको, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी तासाच्या आत. "मोबाईल दिल्याशिवाय घास घेत नाही" असे तुम्ही म्हणता. मूल पडद्याकडे बघत गिळते तेव्हा पोट भरले की नाही हे त्याला कळत नाही, एवढे लक्षात घ्या. आणि बापांनो, तुम्ही जेवताना तुमचा खाली ठेवलात तर तोही ठेवील. नाहीतर माझे बोलणे वाऱ्यावर.

एक गोष्ट मात्र उलट बाजूने पाहा. काही आया कौतुकाने सांगतात, "माझं बाळ फार गुणी, एका जागी बसून राहतं, त्रास देत नाही." ज्या मुलाला पुरेसे अन्न मिळत नाही ते आधी खेळ सोडते. अंगातली ताकद जपून वापरते. ते गुणी नसते, उपाशी असते. असे मूल घरात असेल तर त्याला पळायला लावू नका. आधी अंगणवाडीत आणा, तपासा, खाऊ घाला. अंगात जीव आला की ते स्वतःच उठून पळेल.

आता हे सगळे सुरू कुठे होते? जन्माच्या आधी. त्या सहा खेड्यांत आणखी काय दिसले ते सांगते. ज्या गरोदर बाया पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर खात, त्यांची बाळे मोठी जन्मली. आणि ज्या बायांना गरोदरपणी जास्त कष्ट पडत, पाणी भरणे, शेतातले काम, त्यांची बाळे लहान जन्मली. पोरांना खेळवा म्हणून मी आता सांगितले, पण सातव्या-आठव्या महिन्यातली बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते, त्याला व्यायाम म्हणत नाहीत. तो हंडा नवऱ्याने उचलावा. भिंतीला टेकलेल्या मंडळींसाठी आज सांगण्यासारखे सगळ्यात सोपे काम हेच.

आणि आईला सावरायला वेळ द्या. मूल अंगावर पीत आहे, आईचे रक्त अजून भरलेले नाही, तोच पुन्हा दिवस राहिले, तर पोटातले आणि मांडीवरचे दोघेही एकाच अंगातून ओढतात. तिघांचेही मांस झडते. दोन मुलांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. अठरा वर्षांखाली मुलीचे लग्न करू नका. कायदा आहेच, पण तिचेच हाड अजून वाढत असते. ती स्वतः वाढेल की बाळाला वाढवील? पाळणा लांबवण्यासाठी तांबी आहे, निरोध आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळ्या आहेत. सगळे सरकारी केंद्रात मोफत. कोणाला काय सोसेल ते नर्सबाईंना एकटीने विचारा, त्या चारचौघांत बोलणार नाहीत. दोन मुलांवर थांबायचे ठरले असेल तर पुरुषांची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, टाका घालावा लागत नाही. काही हसताहेत. हसा, पण विचारा.

बोलणे पुष्कळ झाले. बाहेर अंगणवाडीताईंनी काटा मांडला आहे. उंचीची पट्टीही आहे, आणि दंडाला बांधायची रंगीत फीत आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, म्हणजे फीत लाल दाखवू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा, त्याची नोंद करून दर आठवड्याला बोलावू. कार्ड आणले नसेल तर नवीन देऊ. ओळीने या, लहान तान्ही आधी. आणि वजन झाल्यावर आकडा ऐकून लगेच निघू नका, मूल माझ्याकडे आणा. मला त्याची पापणी पाहायची आहे.